दिव्याभोवतीचं कडं

११ नोव्हेंबर १९४३. बेलापूर.
तिसरीच्या मुलींच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासल्या. 'नदी'तला दी ऱ्हस्व लिहिलाय की दीर्घ, वही नाकाशी नेली तरी कळेना. बरोबरची खूण करून टाकली. शाळेत शिकवायला लागल्यापासून असं पहिल्यांदाच. रॉकेल मिळत नाही, उजेड अपुरा, असं मनाला सांगितलं. पण वह्या भर दुपारी तपासत होते.

१४ नोव्हें.
वैद्यांकडे. पापणी वर करून पाहिलं, म्हणाले, बिंदू उतरतोय. मोतीबिंदू. अजून कोवळा आहे, पिकू द्या, मग नगरला जाऊन काढून घ्या. आंब्यासारखी आढी घालून लवकर पिकवता येत नाही का, असं विचारलं. वैद्य हसले नाहीत.

१५ नोव्हें.
भागाबाईला सांगितलं. सांगावंच लागलं. ती रोज सकाळी घरोघर हाका मारून मुली गोळा करून आणते आणि दारात उभी राहून कोण आली, कोण नाही ते मला सांगते. आज दारातल्या तिलाच मुलगी समजून 'बस खाली' म्हटलं. ती बसली, मग हसायला लागली. "बिंदू व्हय? आमच्या सासूला हुता. पिकला का काडून टाकत्यात. भ्याचं न्हाई."
तिला म्हटलं, भिते कोण. पण भिते. माझी एकटीची शाळा, चार इयत्ता, लोकल बोर्डाची नोकरी. डोळे गेले तर शाळा गेली, शाळा गेली तर जामखेड. तिथे वसंता, धाकटा भाऊ, कचेरीत कारकून, स्वभावानं गरीब. त्याची बायको गरीब नाही. त्यांच्या माजघरात एक कोपरा आहे, आत्याबाई गेल्यापासून रिकामा. आत्याबाई शेवटची वर्षं तिथे बसून वाती वळायच्या. दिसायचं काही नाही, पण वातींना डोळे लागत नाहीत.

१९ नोव्हें.
नानांनी ओळखलं. घरमालकच ते, समोर राहतात, त्यांच्या नजरेतून काय सुटणार. पूर्वी पोस्टमास्तर होते, आता पेन्शन आणि योग. मी तुळशीला घातलेलं पाणी वृंदावनाबाहेर पडलं, ते त्यांनी ओट्यावरून पाहिलं. संध्याकाळी एक पुस्तक घेऊन आले. मनाच्या शक्तीनं रोग बरे करण्याचं. कव्हर फाटलंय, त्यामुळे लिहिलं कुणी ते त्यांनाही ठाऊक नाही. आधी भिंतीवर एक बिंदू काढून पापणी न लववता त्याच्याकडे पाहायचं. याला त्राटक म्हणतात. मग डोळे मिटून तोच बिंदू आत पाहायचा. तो ठरला की बिंदूऐवजी दिव्याची ज्योत. आणि शेवटी डोळे मिटून आपला आजारी अवयव बरा झालेला पाहायचा, रोज, श्रद्धेनं.
नाना म्हणाले, मन जे पाहतं तेच शरीर करतं. मी म्हटलं, माझं मन रोज कंट्रोलच्या दुकानात साखर पाहतं, ती काही येत नाही. ते हसले. पुस्तक मात्र ठेवून गेले.

२१ नोव्हें.
बिंदू काढायला काकू, नानांच्या घरच्या, कुंकवाची कोयरी घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. कुंकू, आणि माझ्या खोलीत. कोयरी हळूच पदराखाली गेली. मीच म्हटलं, काजळाचा काढा. काढला. शेंगदाण्याएवढा. आता बिंदूनं बिंदू घालवायचा.

२९ नोव्हें.
त्रा. (त्राटक. रोज कोण पूर्ण लिहितो.) पहाटे. काळा ठिपका आत दिसतो, तिथे तो पांढरा होतो, गंमत आहे. पुढची पायरी अडली. निरोगी डोळा पाहायचा. माझा डोळा कसा आहे तेच आठवेना. आरशात बघायची सवय लागायच्या वयात आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता माझ्यासाठी. शेवटी चौथीतल्या गंगूचा डोळा घेतला, चांगला टपोरा आहे. उसना.

७ डिसें.
त्रा. झालं. आता ज्योतीवर. खोटं लिहीत नाही, बरं वाटतं. ज्योतीपुढे बसलं की जामखेड मनात येत नाही. झोप लागते. शाळेत आज कुणावर ओरडले नाही. भागाबाईनं विचारलं, बाई, ताप हाय का.

१६ डिसें.
आज ज्योतीभोवती कडं दिसलं. गोल, रंगीत. आत निळसर, मग हिरवं, पिवळं, बाहेर तांबडं. डोळे चोळले, तरी होतं. बराच वेळ. मग विरून गेलं.
देवावर माझा विश्वास बेताचाच आहे. तो माझ्याशी कधी फारसा बोललेला नाही. तरी हात जोडले गेले.

१७ डिसें.
आजही. नानांना सांगितलं. त्यांनी पुस्तकातलं पान काढलं, बोट ठेवून वाचून दाखवलं: साधना फळाला आली की ज्योतीभोवती तेजोवलय दिसते. मग हळूच म्हणाले, "बाई, मी किती वर्षं बसतोय. मला अजून दिसलं नाही." त्यांचा आवाज बदलला होता. मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम. अभिमान जास्त.

२ जानेवारी १९४४.
त्रा. कडं. डो. दु. (डोकं दुखलं.) कपाळाच्या डाव्या बाजूला. नाना म्हणाले, तेज पेलताना उष्णता वर चढते, पुस्तकात आहे, गुलकंद घ्या. घेतला.

१५ जाने.
काल संक्रांत. दुपारी खोलीचं दार लोटून बसले होते, दरवर्षी बसते. या दिवशी गावातल्या सवाष्णी एकमेकींकडे कुंकवाला जातात, त्यांच्या वाटेत येऊ नये म्हणून. काकूंनी दार उघडलं. मागे बायका, सात-आठ तरी. एकेक आत आली, तीळगूळ दिला आणि वाकून पाया पडली. काकूंनी सगळीकडे सांगितलेलं दिसतंय. एकीनं विचारलं, बाई, तेज कसं असतं हो? मी रंग सांगितले. आत निळं, बाहेर तांबडं. शाळेत शिकवते तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.
मी नऊ वर्षांची असताना नवरा गेला. तेव्हापासून संक्रांतीला कुणी माझ्या दारात आलं नव्हतं.

२४ जाने.
माळ्याच्या घरी बारसं. बोलावणं आलं, मुद्दाम. मला वाटलं थोरलीचं नाव शाळेत घालायचं विचारणार असतील. तर पाळण्यात घालायच्या आधी मूल माझ्या मांडीवर ठेवलं. मुलगी आहे. सगळ्या बायका बघत होत्या. मूल जड असतं हे मला माहीत नव्हतं.
आनंद झाला. लिहून ठेवते, झाला.

३० जाने.
त्रा. कडं आता उजव्या डोळ्यालाही दिसतं. डाव्यानं अक्षरं जवळजवळ नाहीतच. बिंदू पिकत आला असणार. चांगलंच झालं, उन्हाळ्यात काढून टाकता येईल. दोन्ही गोष्टी बरोबर चालल्यात, आतलं तेज आणि बाहेरचं पिकणं.

५ फेब्रु.
काल दुपारपासून डोळा, डोकं, जबडा. सगळं ओकून टाकलं. डोळा दगडासारखा लागतो हाताला. लाल. काकू म्हणाल्या, देवीचा कोप असेल. नाना म्हणाले, साधनेतला टप्पा असेल. भागाबाई म्हणाली, चला नगरला. ती पण बिंदू पिकला म्हणूनच म्हणाली.

१० फेब्रु.
आज परत आले. सगळं लिहिते, एकदाच.
भागाबाई सोबत होती. स्टेशनापासून टांगा. टांगेवाल्यानं किल्ल्याकडचा रस्ता टाळला, पहारा आहे म्हणे. डॉक्टर तरुण, मऊ बोलणारे. बोटानं डोळे दाबून पाहिले, काचेतून पाहिलं, मला सरळ बघायला सांगून बाजूला बोट हलवत राहिले. बोट दिसलंच नाही. मला वाटलं त्यांनी हलवलंच नाही.
मग विचारलं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का?
मला वाटलं, यांनाही साधनेतलं कळतं. केवढ्या उत्साहानं सांगितलं. हो, डिसेंबरपासून, आधी डाव्यानं, आता दोन्ही, आत निळं, बाहेर तांबडं. ते लिहीत होते, त्यांची लेखणी थांबली.
"डिसेंबरातच का नाही आलात?"
म्हटलं, मोतीबिंदू पिकायची वाट बघत होते. तर म्हणाले, "मोतीबिंदू पिकतो, बाई. हा काचबिंदू. हा पिकत नाही, हा नेतो."
डोळ्यातलं पाणी तुंबतं, डोळा आतून ताठतो, त्यानं कडी दिसतात. कडी म्हणजे दुखणं. ज्योतीचं ऐकल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, त्यानं रोग आला नाही, पण अंधारात तसं बसणं या डोळ्यांना वाईटच. आणि मुख्य म्हणजे दिवस गेले. डावा गेला. उजव्याचं ऑपरेशन लगेच केलं तर जेवढं दिसतंय तेवढं कदाचित राहील. गेलेलं येणार नाही. थेंब दिले.
म्हटलं, मार्चमध्ये शाळेची तपासणी आहे. आत्ता रजा घेतली तर डोळ्यांचं बोर्डाला कळेल, बदली बाई येईल आणि मी जाईन. तपासणी झाली की येते. ते म्हणाले, मी लगेच म्हटलंय. मी ऐकलं आणि निघाले.
गाडीत भागाबाईनं विचारलं, काय म्हनलं डाक्टर? मी म्हटलं, पिकत नाही म्हणाले. ती म्हणाली, मग बरंय.

११ फेब्रु.
नानांना सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द. कडी म्हणजे दुखणं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टरांना स्वतःला कधी कडं दिसलंय का?"
नाही म्हटलं.
"मग त्यांना काय कळणार, बाई."
राग आला. चांगला, सणसणीत. ते पुस्तक अंगणात भिरकावून द्यावंसं वाटलं. पण ते म्हातारे गृहस्थ पहाटे थंडीत ज्योतीपुढे बसतात आणि त्यांना काही दिसत नाही. पुस्तक परत दिलं. त्यांनी ते डोक्याला लावून घेतलं.

१३ फेब्रु.
काकूंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, ज्योतीनं नजर मागितली असेल. बाहेरची घेऊन आतली देते. असं त्यांनी कीर्तनात ऐकलंय. मी म्हटलं, मला आतली नको, बाहेरची पाहिजे. त्या माझ्याकडे कौतुकानं बघत राहिल्या असाव्यात.
संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. ज्योतीनं नजर घेतली.

२० फेब्रु.
थेंब घालते. दिवा बंद. पण पुस्तकातली दुसरी युक्ती सोडलेली नाही, डोळे मिटून पाहायची. डोळा नाही पाहत आता. शाळा पाहते. दारातून आत, डाव्या भिंतीशी पहिलीच्या मुली, खिडकीखाली चौथी. कडेला गंगू, तिच्याशेजारी चारू, मग ती वाण्याची. फळ्याचा कोपरा कुठे तुटलाय. भारताचा नकाशा, त्यात नगर कुठे. वाचनपुस्तकातले धडे उघडते, पान उलटते, ओळीवरून ओळीवर जाते. पुष्कळ पाठ आहे, मलाच नवल वाटलं. इतकी वर्षं तेच शिकवल्याचा आज पहिला फायदा.
भागाबाईला सांगून ठेवलं, मुलींच्या जागा बदलू द्यायच्या नाहीत. का, ते तिनं विचारलं नाही.

२ मार्च.
त्रा. नाही. शाळा पाहिली. रंगीत तालीम रोज. आज वर्गात पुस्तक हातात धरून, उघडून, अख्खा धडा वाचला. पुस्तक उलटं होतं. चारूनं सरळ करून हातात दिलं आणि बसली. कुणीही हसलं नाही. ओरडणारी बाई असण्याचे फायदे.

१० मार्च.
डो. दु. थेंब. उजव्यानं समोरचं एवढंसंच दिसतं, नळीतून बघावं तसं. गंगूचा चेहरा दिसतो तेव्हा चारू नसते.

१५ मार्च.
तपासणी झाली.
डेप्युटीसाहेब सकाळी आले. भागाबाई आधीच धावत सांगून गेली, "बाई, दिपुटीसायेब आलं, उजव्या हाताला खुर्ची ठिवलीय." हजेरी तोंडपाठ घेतली. भूगोल झाला. नकाशावर छडी अचूक टेकली, गोदावरी, भीमा, नगर. वाचन झालं. साहेब खूश होते. म्हणाले, अशी शिस्त हल्ली दिसत नाही.
निघताना खिशातून एक कागद काढला. बोर्डाचं नवं पत्रक, मुलींच्या स्वच्छतेविषयी, आजच आलेलं. म्हणाले, मुलींना वाचून दाखवा, त्या काय समजल्या ते मी विचारतो.
कागद हातात घेतला. तो काही माझ्या मनात नव्हता.
खूप वेळ गेला. मी कागदाकडे बघत होते, म्हणजे तशी उभी होते. मग स्वच्छतेविषयी काही तरी माझ्या मनानंच बोलायला लागले, नखं काढावीत, केस विंचरावेत. साहेबांनी ऐकून घेतलं. हळूच कागद परत घेतला. म्हणाले, बाई, यात विहिरीत औषध टाकण्याबद्दल आहे.
भले गृहस्थ. मुलींना बाहेर पाठवून मग बोलले. वर्ष पुरं करा, परीक्षा होऊ द्या. जूनमध्ये डॉक्टरचा दाखला लागेल. मी न लिहून चालणार नाही.
त्यांचा काही दोष नाही. दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

२ एप्रिल.
नगरला जाऊन आले. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, काचेतून पाहिलं. ऑपरेशनचं मीच काढलं. म्हणाले, आता करून उपयोग होईलसं वाटत नाही, उगाच यातना. थेंब चालू ठेवा. उशीर झाला असं म्हणाले नाहीत.
जी नोकरी राहावी म्हणून थांबले ती गेली, आणि डोळाही. एक तरी वाचवायला हवं होतं. निवड माझीच होती आणि मी तपासणी निवडली. अजूनही वाटतं, तो कागद नसता निघाला तर.

९ एप्रिल.
शाळा पाहायला बसले. खिडकी दिसली, बसायच्या पट्ट्या दिसल्या, मुली दिसल्या. चेहरे नाहीत. वेण्या आहेत, रिबिनी आहेत, चेहऱ्याच्या जागी काही नाही. गंगूचे डोळे, उसने घेतलेले, तेही नाहीत. मन पाहतं ते शरीर करतं म्हणे. मनाची दृष्टीसुद्धा चालली आहे. तिच्यासाठी थेंब नाहीत.

१४ एप्रिल.
वसंताचं पत्र. भागाबाईनं पोस्टातल्या कारकुनाकडून वाचून घेतलं आणि तोंडी सांगितलं. परीक्षा झाली की तो न्यायला येतो. आक्कानं काळजी करू नये, माजघर सारवून ठेवलंय.

१९ एप्रिल.
नाना आले. उभेच राहिले. म्हणाले, जामखेडला जाऊ नका. मागची खोली रिकामी आहे, भाडं नको. तिथे ज्योत लावू. काही करायचं नाही, फक्त बसायचं. लोक येतील, येतातच आहेत. शिधा आणतील. तुम्हाला कुणाच्या हाताखाली राहावं लागणार नाही.
म्हटलं, नाना, मला काही दिसलेलं नाही. तो रोग होता.
म्हणाले, "बाई, ते तुम्ही म्हणता. आम्ही तुमच्याकडे पाहतो ना."
रात्रभर तेच. मी 'नाही' म्हटलं नाही. अजून नाही म्हणालेली नाही.

२७ एप्रिल.
परीक्षा संपली. मुली पाया पडून गेल्या. कोण कुठली ते आवाजावरून. गंगू काही बोलली नाही, त्यामुळे तिला ओळखलं नाही. भागाबाईनं नंतर सांगितलं.

३ मे.
पट्टी आडवी ठेवून लिहिते, तरी ओळी एकमेकींवर चढत असतील.
मागच्या खोलीत बसून पाहिलं. नानांनीच बसवलं, एकदा बसून तर बघा म्हणाले. समोर ज्योत, ऊब लागते तोंडाला, उजव्याला पिवळा डाग दिसतो. बायका मागे बसल्या, गप्प. मी डोळे मिटले. त्यांना वाटत असेल ही कुठे पोचली. मी जामखेडच्या माजघरात पोचले होते. कोपरा, कापसाची टोपली, आणि वसंताची बायको कुणाला तरी सांगतेय, आधी आक्कांना वाढून घ्या म्हणजे सुटलो. हे चित्र मात्र स्वच्छ दिसतं. चेहऱ्यांसकट.
कुणी तरी पायाशी केळी ठेवली. खाल्ली. गोड होती.
इथे राहिले तर खोटं. गेले तर वाती. खोटं मी स्वतः सुरू केलं नाही, खरं सांगितलं तर कुणी घेत नाही. मग माझा काय दोष, असं म्हणून बघितलं. मनाला पटत नाही. पोटाला पटतं.

६ मे.
नानांना होकार दिला नाही, नकारही नाही. त्यांनी खोलीला चुना दिला. वास येतो.
वसंता मंगळवारी येतो.

८ मे.
आज मळ्यातली एक बाई आली. तान्ही मुलगी, आठ-दहा महिन्यांची असेल, रडून रडून घसा बसलेला. काकूंनी थेट मागच्या खोलीत आणली. मी बसले होते. हल्ली बसते.
बाई म्हणाली, पोरीच्या डोळ्यात पांढरं फूल पडाया लागलंय. एका डोळ्यात पडलं, दुसऱ्यात धरतंय. "घरची मान्सं नगरला न्या म्हनत हुती. मी म्हनलं, आदी बाईंकडं जाते. तुमी येवडा हात ठिवा."
मी म्हटलं, हात ठेवून काही होत नाही. नगरला ने. उद्याच्या गाडीनं ने, दवाखान्यात. वाट पाहू नको. मी वाट पाहिली म्हणून माझे गेले.
ती म्हणाली, "तुमचं ज्योतीनं न्येलं. समद्यास्नी ठावं हाय." रागानं नाही, समजूत घालावी तसं.
परत सांगितलं. वर्गात सांगते त्या आवाजात सांगितलं. रोग आहे, औषध आहे, उशीर झाला तर औषध नाही. काकू मागून म्हणाल्या, परीक्षा बघतायत हो. तेव्हा ती बाई खाली बसली आणि म्हणाली, हात ठेवल्याशिवाय उठणार नाही. पोर रडतंय. मला सुचेना. वाटलं, हात ठेवला तर तरी ऐकेल. म्हटलं, ठेवते, पण शपथ घे, उद्या नगर. ती व्हय म्हणाली.
ठेवला. पापण्या गरम होत्या, चिकट. पोर गप्प झालं. कशानं, देव जाणे, दमलं असेल. हाताखाली हुंदके देत देत झोपलं.
काकू रडत होत्या. नानांनी दारातून हात जोडले असणार, त्यांच्या खडावा वाजल्या. मी म्हटलं, नगर, नगरला ने, ऐकलंस का. व्हय, व्हय म्हणाली. किती गोड आवाजात म्हणाली.
ती गेल्यावर भागाबाईला विचारलं, कुठल्या अंगाला गेली, स्टेशनच्या का मळ्याच्या? ती म्हणाली, "पाया पडून गेली, बाई."
पुन्हा विचारलं. ती म्हणाली, उद्या वसंतरावांच्या गाडीला जायाचं असंल तर सामान बांधाया घेऊ का?
तिला म्हटलं, आधी मळ्यात जा. पोर घेऊन ये. मी स्वतः नेते नगरला. ती म्हणाली, तुमाला कोन नेनार. जाते म्हणाली. गेली का अंगणात बसलीय, कळत नाही. पावलं ऐकू आली नाहीत.
बाहेर बायका आल्यात, कुजबुज चाललीय. नाना ज्योत लावतायत.